कानबाईचा मान आणि काकांचं वाक्य

माझ्या मोठ्या काकांचं एक वाक्य मी इंटरनेटवर कोरून ठेवलं आहे. ते आता कोणालाच पुसता येणार नाही, अगदी मलाही. माणसं देवळाच्या पायरीवर नाव कोरतात, ते पुण्यासाठी. मी हे निव्वळ सूड म्हणून केलं आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

आम्ही सुरतेत डिंडोलीला राहतो. वडील उधन्याला कापडाच्या लूमवर होते. आमची भाऊबंदकी मूळ खानदेशातली, आता निम्मी डिंडोलीत, निम्मी उधना-चलथाणकडे पसरलेली. एरवी कोण कोणाच्या घरी फारसं जात नाही, पण श्रावणात कानबाई बसते तेव्हा सगळे एका घरी जमतात. नारळाला मुखवटा, नथ, साज चढवून देवी बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायची. देवी दरवर्षी कोणत्या तरी एकाच घरी बसते. बाकीच्यांनी आपापल्या घरून रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळीचं, पीठ घेऊन तिथं जायचं. रोटासाठी गहू घेतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एक मूठ, असे. बायकांच्या नावाची मूठ नसते. दळतात मात्र बायकाच.

देवी यंदा कोणाकडे, हे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काकांच्या घरी चिठ्ठ्या टाकून ठरायचं. ज्याच्याकडे बसेल त्याचा तो मान. काका म्हणजे वडिलांचे सख्खे मोठे भाऊ. लूमवरचा मुकादम, मग ठेकेदार, मग समाजाचे अध्यक्ष. चिठ्ठ्या तेच लिहायचे, तेच घडी घालायचे, तांब्यात तेच टाकायचे. मान त्यांच्याकडे किती वेळा गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं.

एका आखाजीला आमची चिठ्ठी निघाली. आई तेव्हा घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. डिंकानं तिची बोटं कायम खरखरीत असायची. चिठ्ठी निघाली त्या संध्याकाळपासून तिनं घर घासायला काढलं. देवीसाठी मोत्यांची एक नथ आणली आणि मसाल्याच्या रिकाम्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवली. मग श्रावण लागायच्या आत वडील गेले. घरात सुतक, देवी बसणार कशी? काका म्हणाले, आमच्याकडे बसवतो, पुढल्या वर्षी तुमचाच मान. आईनं मान डोलावली.

पुढल्या आखाजीला आम्ही दोघी गेलो. आईनं त्या दिवशी साडी नीट इस्त्री करून नेसली होती, ते मला अजून आठवतं. आमच्यात धाकटी सून जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरून पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं तर मधल्या माणसाला सांगायचं. तो मधला माणूस म्हणजे मी. आई मला म्हणाली, "त्यासले सांग, मागला वर्सना मान आपला शे." काका शेजारीच बसले होते, त्यांनी ऐकलं होतं. तरी मी सांगितलं. काकांनी तांब्या हलवत सगळ्यांसमोर उत्तर दिलं, आईकडे न बघता, माझ्याकडे बघून.

"घरमा गडी नही. देवीले उचली कोन?"

घरात पुरुष नाही, देवीला उचलणार कोण. झालं. त्या वर्षी आमची चिठ्ठी तांब्यात पडलीच नाही आणि पुढेही कधी पडली नाही. आईनं घरी येऊन साडी बदलली आणि खड्यांचा डबा उघडून कामाला बसली. मी मात्र त्या दिवशी डूख धरला. लोक म्हणतात मोठ्यांचं मनावर घेऊ नये. मी घेतलं, आणि जपलंही.

मी शिकले, एका छोट्या ऑफिसात वेबसाइटी बनवायच्या नोकरीला लागले. तिथं असताना मी इंटरनेटवर स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट शिकायला घेतलं. नाव मोठं आहे, गोष्ट सोपी आहे. तो एक करार असतो, फक्त कागदावर नसतो, प्रोग्राम म्हणून लिहिलेला असतो. तो हजारो संगणकांच्या एका साखळीवर चढवायचा. एकदा चढला की लिहिलेल्या नियमांप्रमाणेच चालतो. कोणाचा काका आला तरी त्याला मधेच थांबवता येत नाही, नियम फिरवता येत नाही. नवशिक्यांना पहिला सराव म्हणून सोडत काढायचा प्रोग्राम करायला सांगतात. मी तो धडा वाचला आणि हसत सुटले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा वळून बघायला लागला.

इकडे भाऊबंदकीतली तरुण पोरं चिठ्ठ्यांवरून कुरकुरायला लागलीच होती. मी काकांकडे गेले आणि गोड बोलले. गोड बोलायला मला चांगलं येतं. म्हटलं, "काका, यंदा कॉम्प्युटरवर सोडत काढू. मोठ्या टीव्हीवर दिसेल. तुम्हीच बटण दाबा. अख्ख्या सुरतेत कोणत्या समाजात असं झालं नसेल." मोठा टीव्ही आणि आपलं बटण म्हटल्यावर काका विरघळले. "नेम मी सांगसू तेच टाकाना," एवढीच त्यांची अट. मी म्हटलं, तुमचेच टाकते काका, शब्दन्‌शब्द तुमचेच.

काम सुरू केलं तेव्हा सूड बाजूलाच राहिला, आधी नुसतं सामान मांडतानाच घाम निघाला. जे प्रोग्राम आधी टाकायला हवेत ते एकमेकांशी भांडत होते. एकाला जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. पहिल्या ओळीत भाषेची आवृत्ती लिहायची असते, ती जुळेना, म्हणून पहिल्याच ओळीवर लाल अक्षरं. त्यात आमच्या गल्लीत वीज जायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी आई खडे चिकटवत बसलेली, मी तिच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसलेली, दोघींच्या माना खाली. तिनं एकदा विचारलं, "काय करस वं?" मी म्हटलं, काकांचं काम. तिनं पुढचा खडा उचलला.

खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा काय लिहिलं ते ऐका. सोडतीत काकांच्या घराचा नंबर आला तर गुपचूप पुढचं घर घ्यायचं, अशी एक ओळ. खऱ्या साखळीवर चढवण्याआधी आपल्याच लॅपटॉपवर एक खोटी साखळी चालवता येते, तिच्यात खोटी खाती मिळतात, त्यांच्यावर हवे तेवढे प्रयोग करा. मी त्या खात्यांना भाऊबंदांची नावं दिली आणि सोडतीमागून सोडत काढत बसले. काकांचं घर एकदाही येईना. चहा पीत ते बघत राहण्यात जे सुख होतं ते मला कुठल्या जत्रेत मिळालं नसतं. शेवटी ती ओळ मी काढून टाकली. दया आली म्हणून मुळीच नाही. असा करार सगळ्यांना उघडा वाचता येतो. भाऊबंदकीत एक पोरगा इंजिनियर आहे, त्यानं वाचला असता तर काका म्हणाले असते, बघा, बाईच्या हाती दिलं की असं होतं. हे वाक्य मी त्यांना फुकट देणार नव्हते.

मग मला कळलं की काही करायची गरजच नाही. काकांचे नेमच पुरेसे होते.

त्यांनी सांगितलेले नेम असे होते. ज्याची चूल वेगळी, ते घर वेगळं. एक माणूस, एक मूठ, एक चूल, म्हणजे एका पुरुषाची मूठ दोन घरांत धरायची नाही. हा नेम त्यांनी पूर्वी उधन्याच्या एका भाऊबंदाला गप्प करायला काढला होता. आणि ज्या घरात एकही मूठ नाही, म्हणजे पुरुष नाही, ते घर सोडतीत नाही. हा आमच्यासाठी. एक नेम माझ्याकडून: ज्याच्याकडे देवी बसली त्याचं नाव बाकी सगळ्यांचा मान होईपर्यंत पुन्हा यायचं नाही. हा मी सगळ्यांसमोर वाचून दाखवला तेव्हा मागून टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर अध्यक्षांना हसावंच लागतं.

याच सुमारास काकांची सून आमच्याकडे सहज भेटायला आली होती. तिचा नवरा, म्हणजे काकांचा एकुलता मुलगा, मस्कतला नोकरीला. त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता, त्यात ती एकटी. बोलता बोलता ती म्हणाली, "मामंजी म्हणताहेत, यंदा आपली दोन घरं लिहू. जुनं घर आणि फ्लॅट. फ्लॅटमध्ये स्वतःचं नाव घालणार आहेत, कारण तिथं आत्ता पुरुष नाही ना." तिला वाटलं ती साधी बातमी सांगते आहे. मी तिला आग्रह करून आणखी एक लाडू वाढला.

फ्लॅटमध्ये काका, मग जुन्या घरात कोण? नुसती काकी. आणि मूठ तर दोन घरांत धरता येत नाही. आपलीच पाचर त्यांनी आपल्याच दारात मारली होती आणि त्यांना दिसत नव्हती. ते नेम नेहमी दुसऱ्यांसाठी असत, स्वतःला ते कधी लागलेच नव्हते.

पुरुष नसलेलं घर नाकारायचं, ही ओळ मला माझ्या हातानं लिहावी लागली. त्या ओळीचं पहिलं गिऱ्हाईक समोरच बसलं होतं, बोटांवरचा डिंक खरवडत. तरी लिहिली. करारानं काही नाकारलं की तो कारण दाखवतो, ते वाक्य आपण लिहून द्यायचं असतं. तिथं मी काकांचं वाक्य घातलं, जसंच्या तसं. ते आधी घेईचना, कारण देवनागरी अक्षरं त्या भाषेला सरळ चालत नाहीत, वाक्याआधी एक खास शब्द लावावा लागतो. तो सापडायला अर्धा दिवस गेला. मग चाचणी लिहिली: पुरुष नसलेलं घर आलं तर ते नाकारलं पाहिजे आणि हेच वाक्य दिसलं पाहिजे. चाचणी नापास. करारानं ते घर खुशाल आत घेतलं होतं, माझीच अट उलटी लिहिली गेली होती. संगणक माझ्या काकांपेक्षा भला निघाला म्हणायचा. मी अट सरळ केली आणि हिरवी खूण आली. मग ज्या साखळीवर खोटी नाणी चालतात आणि शिकणाऱ्यांना फुकट मिळतात, तिच्यावर करार चढवला. आता तो माझ्या हातातून गेला होता.

आखाजीच्या दुपारी काकांच्या घरी पुरणपोळ्या आणि आंब्याच्या रसाचं जेवण झालं. टीव्हीला माझा लॅपटॉप जोडला. काका पांढऱ्या सफारीत. आई बायकांच्या घोळक्यात मागे, डोक्यावर पदर. मी एकेक घर विचारत गेले आणि टाकत गेले. चलथाणचं घर, साखर कारखान्यातल्या चुलतकाकांचं, उधन्याची घरं. प्रत्येक घराबरोबर टीव्हीवर नाव उमटे आणि पोरं ओरडत.

"आते मना पोऱ्याना फ्लॅट," काका म्हणाले. "तठे मनं नाव लिख."

"नक्की ना काका? एकदा लिहिलं की बदलत नाही."

"लिख ना वं, कितला बोलस!"

लिहिलं. फ्लॅट आत गेला. मग ते म्हणाले, आता हे घर. मी विचारलं, इथे कोणाची मूठ? ते म्हणाले, माझीच की. मी म्हटलं, "काका, तुमचाच नेम, एक माणूस, एक मूठ, एक चूल. तुम्ही तर फ्लॅटमध्ये जेवायला गेलात." लोक हसले. काकाही हसले, म्हणाले, तसंच टाक, घर कोणाचं हे का त्याला माहीत नाही? मी मुठीची जागा रिकामी ठेवून घर टाकलं. बटण त्यांनाच दाबू दिलं.

टीव्हीभर लाल पट्टा आला आणि त्यात मोठ्या अक्षरांत: घरमा गडी नही. देवीले उचली कोन?

ज्यांना आठवायचं होतं त्यांना आठवलं. बायकांकडून कोणीतरी नाकातून हसलं. काकांचं तोंड आधी लाल झालं, मग उतरलं. त्यांनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा दाबलं. मी मधे पडले नाही, दाबू दिलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर चाललं होतं, मी घाई का करू?

"हाऊ कसाना नेम?" शेवटी ते गरजले. "घर म्हंजे घर! तुनी काकी शे ना आठे. ती काय देवी उचली शकस नही का?"

मी म्हटलं, "काका, नेम बदलायचा तर नवा करार चढवावा लागेल. सगळ्यांसमोर परत सांगा, म्हणजे नंतर बोल नको."

त्यांनी परत सांगितलं. अध्यक्षांच्या आवाजात सांगितलं, घरात नुसती बाई असली तरी घर ते घर, तिचीही मूठ धरायची. मला हेच हवं होतं. त्यांची फजिती हे नुसतं तोंडी लावणं होतं. हे वाक्य त्यांच्या तोंडून, त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर यायला हवं होतं. मी ती ओळ काढली, चाचण्या चालवल्या, आणि लोकांचा चहा होईतो नवा करार चढवला. जुना मात्र साखळीवर तसाच राहिला, काकांच्या वाक्यासकट. घरं पुन्हा टाकली. काकांनी आपल्या घरी दोन मुठी सांगितल्या, त्यांची आणि काकीची. फ्लॅटमध्ये सुनेची. दोन घरं हवीत तर बायकांना मोजणं भाग होतं, आणि त्यांनी मोजलं.

मग मी मान वर करून विचारलं, "अजून कोणतं घर राहिलं?"

मागून आईचा आवाज आला, नेहमीसारखा, माझ्याकडे वळलेला. "त्यासले सांग, आपला घरन्या दोन मुठी. एक मनी, एक तुनी."

मी काकांना सांगितलं. काका टीव्हीकडे बघत होते. मी बटण दाबलं आणि आमचं घर आत गेलं.

त्या वर्षी सोडतीत चलथाणचं घर निघालं. काका मिरवणुकीत पुढे नाचले, जणू काही झालंच नव्हतं. पुढल्या आखाजीआधी त्यांनी मला बोलावून सांगून पाहिलं की कॉम्प्युटरचा काही भरवसा नाही, चिठ्ठ्याच बऱ्या. मी म्हटलं, भाऊबंदांना विचारा. त्यांनी विचारलं आणि तोंडावर आपटले. त्या आखाजीला टीव्हीवर आमचं घर उमटलं. घरी आल्यावर आईनं मसाल्याचा डबा काढला, नथ बाहेर घेतली आणि मऊ फडक्यानं मोती पुसत बसली. मी मात्र रडले. रागानंच रडले, दुसरं काही नव्हतं.

श्रावणात कानबाई आमच्या घरी बसली, तिसऱ्या मजल्यावर, त्या नथीसकट. भाऊबंद एकेक करून पीठ घेऊन येत होते. आई दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातातलं घेत होती. शेवटी काका आले, धापा टाकत, हातात स्टीलचा डबा. मागे काकी. आईनं पदर सारखा केला. मी सवयीनं पुढे झाले, तिचं बोलणं पोचवायला.

तिनं मला हातानं बाजूला केलं.

"दादा," ती त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली. माझ्या आयुष्यात मी तिला त्यांच्याशी बोलताना पहिल्यांदा ऐकत होते. "किती मुठी शेत?"

काका गोंधळले. "एक. मनी. नेहमीसारखी."

"आखाजीले तुम्ही दोन सांग्यात. अक्कानी मूठ कोठे शे?"

काकांनी काकीकडे, म्हणजे आईच्या अक्काकडे, पाहिलं. काकी जिन्याच्या कठड्याकडे बघायला लागली. आत गाणी थांबली होती. आईनं काकीचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि काकांना, जिन्यातच, म्हणाली, "ती दळीसन लई या. मंग रोट लागी." तिची मूठ दळून आणा, मगच रोट.

काकी आत, चक्कीवाला बंद, त्यांच्या घरी फक्त दगडी जातं. काका वळले आणि एकेक पायरी उतरत गेले. मी कठड्यावरून वाकून शेवटच्या पायरीपर्यंत बघितलं. मी नेम, अटी, चाचण्या करत बसले होते, आणि आईनं ते एका श्वासात केलं.

ते परत आले तेव्हा सफारीच्या बाह्यांना पीठ लागलं होतं आणि उजव्या तळहाताला फोड आला होता. पीठ जाडंभरडं होतं. आईनं ते चाळून घेतलं नाही. तसंच मळलं, रोट केला, देवीपुढे ठेवला आणि त्यातला पहिला तुकडा काकीच्या हातात दिला.